बदललेला डाव व समोरचा गडी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे. विषय आहे संगणकावर खेळल्या जाणाऱ्या युद्धनीतीच्या खेळांचा. त्या खेळांत खेळणाऱ्यांनी स्वतःच्या कल्पनेने केलेल्या बदलांचा. आणि असा बदललेला खेळ दोघाचौघांनी मिळून खेळावयाचा झाल्यास जे पथ्य पाळावे लागते त्याचा. ज्या खेळापायी मुलांना जेवावयास चार चार हाका माराव्या लागतात, त्याच खेळावर एका शिक्षकाने बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु ह्या खेळांच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो वर्गात, घरात, आपल्या ह्या बहुभाषी हैदराबाद शहरात आपणांस पदोपदी भेटणारा आहे. नियम बदलण्याचे स्वातंत्र्य मला असावे काय? आणि असल्यास, समोर बसलेल्या गड्याचे मी काय देणे लागतो?

नवी गोष्ट समजून घेण्यास जुनी गोष्ट उपयोगी पडते, म्हणून प्रथम गंजिफा घेऊ. हा पत्त्यांचा खेळ मोगलांच्या काळात आपल्या देशात रुजला. मोगली गंजिफेचे रंग आठ, प्रत्येक रंगाची पाने बारा, एकूण पाने ९६. पुढे आपल्याकडील कल्पक मंडळींनी त्या आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आणले आणि पाने झाली १२०. प्रत्येक रंगातील राजा, त्याचा प्रधान व एक ते दहा ही पाने मात्र जशीच्या तशी राहिली. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आपल्या तेलंगणातील निर्मल हे गावही गंजिफा रंगविणाऱ्या कारागिरांसाठी नावाजलेले आहे. सांगाडा तोच ठेवून आतील सृष्टी नवी करावयाची, असा हा प्रकार. आजची मुले ज्याला 'मॉड' म्हणतात तो ह्याहून निराळा नाही. मॉडिफिकेशन ह्या लांबलचक शब्दाचे ते सुटसुटीत रूप आहे.

आता असे समजा, की एका गड्याने ९६ पानांची गंजिफा आणली व दुसऱ्याने १२० पानांची. दोघांचेही पत्ते चांगले, दोघांचीही रंगकाम केलेली पाने देखणी. परंतु त्यांचा डाव काही मांडता यावयाचा नाही. बुद्धिबळाची गोष्टही तशीच होती. आपल्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीला एकच घर पुढे जाई, राजाला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे, आणि प्यादे शेवटच्या घरात पोहोचले म्हणजे ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले तेच मोहरे होई. ठिकठिकाणी ह्यांतही थोडाथोडा फरक होता. पंजाबचा मीर सुलतान खान ह्याच देशी पद्धतीत वाढला. पाश्चात्त्य नियम त्याला नव्याने शिकावे लागले, आणि ते शिकून त्याने १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. त्याची बुद्धी दोन्ही पद्धतींत तीच होती. परंतु पटावर बसण्यापूर्वी कोणत्या नियमांनी खेळावयाचे हे ठरणे आवश्यक होते. जुने खेळाडू डाव मांडण्यापूर्वी हा प्रश्न सहज विचारीत. संगणकाच्या खेळात तो प्रश्न माणसाने विचारावयाचा राहून गेला, तर यंत्र तो विचारते, आणि उत्तर न जुळल्यास डाव मोडून टाकते. हे कसे घडते ते आता पाहू.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एकाच खेळाचे वर्णन पुरे होईल. 'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ अमेरिकेतील एन्सेम्बल स्टुडिओज ह्या संस्थेने १९९७ साली तयार केला. त्याचा दुसरा भाग १९९९ साली आला आणि तो आजही खेळला जातो. खेळणाऱ्याच्या वाट्याला आरंभी थोडी रयत व एक लहानशी वसाहत येते. अन्न, लाकूड, सोने व दगड ह्या चार वस्तू गोळा करावयाच्या, घरे व तट उभारावयाचे, सैन्य उभे करावयाचे आणि प्रतिस्पर्ध्यास नमवावयाचे, असा सारा व्यवहार. एकाच डावात आठ जणांपर्यंत खेळाडू असू शकतात, व ते आठही जण आठ निरनिराळ्या गावी आपापल्या संगणकापुढे बसलेले असू शकतात.

ह्या खेळाबरोबरच त्याच्या कर्त्यांनी एक साधन देऊन ठेवले होते. त्याच्या योगाने कोणाही खेळाडूस स्वतःचा नकाशा आखता येतो, त्यावर नद्या, डोंगर, किल्ले मांडता येतात, आणि 'अमुक घडले तर तमुक व्हावे' अशा अटी घालता येतात. ह्या अटींना 'ट्रिगर' म्हणतात. बदलांचे ढोबळ मानाने तीन थर सांगता येतील. पहिला थर केवळ दिसण्याचा. उदाहरणार्थ, झाडांच्या गर्दीत आपली माणसे दिसेनाशी होतात म्हणून कोणी झाडांची चित्रे लहान केली. झाड लहान दिसले तरी त्यात लाकूड तेवढेच असते. बदल पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुरता. दुसरा थर नकाशाचा व कथानकाचा. तिसरा थर नियमांचाच: उंटस्वाराचा वेग किती, तटाची ताकद किती, कोणत्या राज्याला कोणते सैन्य मिळावे, हे आकडेच बदलावयाचे. पहिल्या थराचा बदल ज्याचा त्याने करावा. दुसऱ्या व तिसऱ्या थराच्या बदलाला मात्र सोबत्यांची संमती लागते. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

खेळणाऱ्यांच्या ह्या हौशी उद्योगातून काय निर्माण होऊ शकते, ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या देशाशीच निगडित आहे. ह्या खेळाच्या दुसऱ्या भागात ब्रिटन, फ्रँक, चिनी, जपानी, इराणी अशी पुष्कळ राज्ये होती; परंतु हिंदुस्थानाला त्यात स्थान नव्हते. मूळ संस्थेने ह्या भागात नवी भर घालणे थांबविल्यावर काही हौशी खेळाडूंनी एकत्र येऊन 'फरगॉटन एम्पायर्स' नावाचा एक मोठा मॉड तयार केला. विस्मृतीत गेलेली साम्राज्ये, असा त्या नावाचा अर्थ. त्यात इटालियन, स्लाव, मग्यार, इंका ह्यांच्या जोडीला भारतीयही आले, उंटस्वार व हत्तीवरील तिरंदाज घेऊन आले. खेळणाऱ्यांना ते इतके आवडले की २०१३ साली तोच मॉड खेळाची अधिकृत पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्या हौशी मंडळींची पुढे व्यावसायिक संस्था बनली. २०१९ साली निघालेल्या खेळाच्या नव्या आवृत्तीतही तिचा मोठा वाटा होता. एप्रिल २०२२ मध्ये 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' ही पुरवणी आली. तीत एकाच 'भारतीय' नावाखाली सारा देश कोंबण्याऐवजी बंगाली, द्राविड व गुर्जर अशी तीन निराळी राज्ये आली, आणि पूर्वीच्या भारतीयांचे नाव 'हिंदुस्थानी' असे झाले.

श्रोतेहो, ह्या हकीकतीत ध्यानी घेण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्याला वगळले म्हणून तक्रार करणारे जगात पुष्कळ असतात. येथे काही खेळाडूंनी तक्रार करीत न बसता वगळलेल्यांची पाने स्वतः रंगविली, आणि ती मूळ जोडात सामील झाली. तरीही दख्खनचा मनुष्य अजून म्हणू शकेल, की २०२२ च्या त्या पुरवणीत देवगिरीच्या यादवांना आणि वरंगळच्या काकतीयांना स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्यावर उपायही तोच आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळू. असा बदललेला खेळ अनेकांनी मिळून खेळताना बिघडतो का? ह्याचे उत्तर हे खेळ दूरदूरच्या यंत्रांवर कसे चालतात ह्यात आहे. १९९७ च्या सुमारास घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून संदेश नेणारी जी साधने होती त्यांचा वेग सेकंदाला २८.८ किलोबिट, म्हणजे आजच्या मानाने गोगलगाईचा. पटावरील प्रत्येक शिपाई कोठे आहे, कोणीकडे तोंड करून आहे, किती जखमी आहे, ही सारी माहिती क्षणोक्षणी तारेवरून पाठवावयाची म्हटली, तर फार तर अडीचशे माणसे हलविता आली असती. खेळाच्या कर्त्यांना तर हजारो हलवावयाची होती. तेव्हा त्यांनी निराळी युक्ती योजिली. सैन्याची माहिती पाठवावयाचीच नाही. केवळ खेळाडूने दिलेला हुकूम तेवढा पाठवावयाचा. 'ह्या वीस तिरंदाजांनी त्या टेकडीवर जावे' एवढेच वाक्य तारेवरून जाते. प्रत्येकाच्या घरचे यंत्र तो हुकूम एकाच ठरलेल्या क्षणी अमलात आणते व पुढील सारे युद्ध स्वतःच गणित करून काढते. आठ घरी आठ युद्धे चाललेली असतात, आणि ती तंतोतंत एकच असतात, कारण आरंभ एक, हुकूम एक व नियम एक.

पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्या दोघा मित्रांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. एक पुण्यास, दुसरा हैदराबादेस. दोघांच्या घरी आपापला पट मांडलेला आहे. पत्रातून येते ती केवळ चाल. दोघांचे नियम एकच असतील तोवर दोन्ही पट सारखे राहतील. परंतु एकाच्या नियमपुस्तकात राजाला घोड्याची उडी असेल व दुसऱ्याच्या पुस्तकात नसेल, तर एका पत्रानंतर दोघे दोन निरनिराळे डाव खेळू लागतील, आणि कित्येक दिवस त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

खेळाच्या कर्त्यांनीच नमूद करून ठेवलेले एक उदाहरण मोठे बोलके आहे. एका यंत्रावर आरंभी एखादे हरीण केसभर निराळ्या जागी उभे राहिले, तर ते चरावयास जरा निराळ्या वाटेने जाते. काही मिनिटांनी त्याच्या मागे गेलेल्या शिकाऱ्याचा भाला एका यंत्रावर लागतो, दुसऱ्यावर चुकतो. एका घरी मांस येते, दुसऱ्या घरी येत नाही. आणि त्या मांसावर पोसावयाचे शिपाई एका युद्धात जन्मतात, दुसऱ्यात जन्मत नाहीत. हरणाच्या एका पावलाने राज्याचा इतिहास दुभंगतो. म्हणून ही यंत्रे मधूनमधून एकमेकांकडे आपल्या पटाचा गोळाबेरीज आकडा पाठवितात. त्याला 'चेकसम' म्हणतात. दुकानदार रात्री रोकड मोजून वहीशी ताळा पाहतो तसा हा ताळा. तो जुळला नाही की खेळ थांबतो.

केसभर सरकलेल्या हरणाने जर एवढा अनर्थ होतो, तर एकाने नियमच बदलले असता काय होईल हे निराळे सांगावयास नको. स्वीडनमध्ये तयार झालेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागात खेळ उघडताच चार अक्षरांची एक खूण दिसते. नियमांत फरक पडेल असा मॉड बसविला की ती चार अक्षरे बदलतात. मिळून खेळणाऱ्यांनी प्रथम एकमेकांची अक्षरे विचारून घ्यावयाची. ती जुळली तरच डाव. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या नव्या आवृत्तीत डाव मांडणाऱ्या यजमानाने निवडलेला नियमबदल सर्वांना लागू होतो, व ज्याच्यापाशी तो नसेल त्याला तो आधी उतरवून घ्यावा लागतो. मानांकनाच्या सामन्यांत मात्र नियमांचे बदल चालत नाहीत. झाडे लहान करण्यासारखे दिसण्याचे बदल चालतात. घरी वाटेल तसे नियम करा, मित्रांत ठरवून करा, स्पर्धेत सर्वमान्य नियम पाळा, अशी ही चढती व्यवस्था आहे. आपल्या अंगणातील क्रिकेटला ती लागू होते. मग संगणकाने तीत नवे काय आणले? इतकेच, की अंगणात 'एक टप्पा झेल म्हणजे बाद' हा नियम कोणी मनातल्या मनात धरला तर भांडणावर भागते. येथे डावच नाहीसा होतो.

ह्या रचनेचा आणखी एक परिणाम आहे, आणि एक शिक्षक म्हणून मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक यंत्र सारे युद्ध स्वतः चालविते, ह्याचा अर्थ असा की शत्रूचे सैन्य कोठे दडले आहे हे माझ्या यंत्राला ठाऊकच असते. माझ्या पडद्यावर केवळ एक काळे पांघरूण घातलेले असते. ते पांघरूण काढून टाकणारा बदलही कोणी करू शकतो, आणि असे बदल करणारे निघालेही आहेत. अशा बदलाने पटावरील कोणताही आकडा हलत नाही; म्हणून ताळा जुळतो, डाव चालू राहतो, आणि समोरच्या गड्याला आपण हरलो कसे हे कळत नाही. यंत्राची तपासणी दोन पट सारखे आहेत एवढेच सांगू शकते. पांघरुणाखाली कोणी डोकावले की नाही, हे तिला सांगता येत नाही. तेथपासून पुढे खेळ केवळ सचोटीवर चालतो. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षकाची पाठ वळल्यावर जी गोष्ट विद्यार्थ्याजवळ उरते, तीच ही गोष्ट.

म्हणून बदल करणाऱ्या मुलांत मी दोन जाती मानतो. समोरच्याला सांगून, दाखवून, त्याच्या हाती तीच फाइल देऊन जो बदल करतो तो रचनाकार. न सांगता स्वतःपुरता फायदा करून घेतो तो लबाड. दोघांचे कौशल्य कदाचित सारखेच असेल. पालकांनी मुलाच्या हातात मॉड दिसताच त्यास रागे भरू नये. परंतु एवढे अवश्य विचारावे, की तुझ्या गड्याला हे ठाऊक आहे काय?

आता आपल्या शहराकडे येऊ. हैदराबादेस मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र १९९८ पासून आहे, व 'एज ऑफ एम्पायर्स'चे स्वामित्व त्याच कंपनीकडे आहे. खेळ तयार करण्याच्या धंद्यातील कंपन्या आज येथे काम करीत आहेत, व त्या व्यवसायातील मंडळींची परिषदही ह्या शहरात भरत आली आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा ह्या भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना ह्या धंद्यात शिरावयाचे झाल्यास, मॉड करणे ही त्याची उत्तम उमेदवारी आहे. सुताराकडे उमेदवारी करणारा मुलगा प्रथम दुसऱ्याने केलेली खुर्ची दुरुस्त करतो, मग स्वतःची करू लागतो, तसेच हे.

त्या उमेदवारीसाठी एक विषय सुचवितो. पालखेडची मोहीम. १७२८ च्या फेब्रुवारीत पहिला बाजीराव व निजामुल्मुल्क आसफजाह ह्यांची वैजापूरजवळ पालखेड येथे गाठ पडली. त्यापूर्वी निजामाने पुण्यापर्यंत मजल मारली होती. बाजीरावाने पुण्याच्या रक्षणास न धावता निजामाच्या मुलखात धुमाकूळ घातला व त्याला आपल्या मागे ओढले. निजामाचे बळ तोफखान्यात. परंतु वेगाने पाठलाग करावयाचा तर अवजड तोफा मागे ठेवणे भाग. शेवटी निर्जळ प्रदेशात मराठ्यांच्या घोडदळाने त्याला वेढले, त्याचे पाणी व रसद तोडली, आणि मोठी लढाई न होताच तह झाला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे झालेल्या त्या तहाने दख्खनच्या चौथाई व सरदेशमुखीवरील शाहू महाराजांचा हक्क मान्य झाला.

ही मोहीम संगणकाच्या पटावर मांडावयास बसले, की पहिलीच अडचण समोर येते. त्या खेळात अन्न आहे, लाकूड आहे, सोने आहे, दगड आहे. तहान मात्र नाही. आणि पालखेड तर तहानेने जिंकलेले. मग रचनाकाराला ट्रिगर लिहावा लागतो: जी फौज अमुक इतका वेळ नदीच्या काठापासून दूर राहील, तिची ताकद थोडीथोडी घटावी. पुढे तोफांचा प्रश्न. तोफा सोबत घेतल्या तर फौज संथ व्हावी, मागे ठेवल्या तर वेग मिळावा पण बळ कमी व्हावे. घोडदळाला वेग द्यावयाचा तर किती? असे एकेक आकडे ठरविताना मुलगा जो इतिहास शिकेल, तो पाच गुणांचे टिपण पाठ करून शिकणार नाही. मोहिमेतील रस्ते, पाणी, पल्ला व दाणागोटा ह्यांचा विचार त्याला स्वतः करावा लागेल.

परंतु खरी कसोटी ह्यापुढे आहे. हा पट एकट्याने खेळावयाचा असेल, तर निजामाच्या फौजेला मूर्ख ठरवून बाजीरावाला हमखास जिंकविता येईल. दोघांनी खेळावयाचा असेल तर ते चालत नाही. दुसऱ्या खुर्चीवर निजामाच्या बाजूने कोणीतरी बसावयाचे आहे; आणि हैदराबादेत तो बहुधा शेजारच्या घरातील तेलुगू किंवा उर्दू बोलणारा सोबती असेल. त्याच्या मनात आसफजाह हा त्याच्या शहरावर पुढे १९४८ पर्यंत राज्य करणाऱ्या घराण्याचा मूळ पुरुष आहे. पालखेडचे गावदेखील १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. त्या सोबत्याने त्या खुर्चीवर का बसावे? त्याच्याही हाती खरे उपाय असतील तरच बसेल: पुणे धरून राहण्याचा, तोफा न सोडता सावकाश येण्याचा, पाण्याच्या काठाने वाट काढण्याचा, वेळीच माघार घेण्याचा. म्हणजे रचनाकाराला निजामाच्या जागी बसून विचार करावा लागतो. आपला पट तयार झाला की त्याने प्रथम प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने तो खेळून पाहावा, आणि जिंकण्याची काही आशा आहे काय ते पडताळावे. आशा नसेल तर पट पुन्हा दुरुस्त करावा.

माझ्या आजच्या भाषणातील मुख्य म्हणणे हेच आहे. गोष्ट सांगताना आपण प्रतिपक्षावर अन्याय करू शकतो, कारण तो प्रतिपक्ष ऐकावयास हजर नसतो. दोघांचा डाव रचताना तो हजर असतो, आणि त्याला न्याय दिल्यावाचून डाव उभाच राहत नाही. ज्या डावात एका बाजूने हरावयाचे आधीच ठरलेले असते, त्याला दुसरा गडी मिळत नाही. उदगीर असो, खर्डा असो, दख्खनच्या ज्या ज्या रणभूमीकडे दोन घरांतून दोन दृष्टींनी पाहिले जाते, त्या प्रत्येकीच्या बाबतीत हे खरे आहे.

दोन आक्षेपांचा येथे विचार केला पाहिजे. पहिला असा की दुसऱ्याच्या खेळावर आपली कलाकुसर करणे म्हणजे उसनवारी. मला हे पटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास आला, त्याने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा साचा घेतला, आणि त्या साच्यात येशूची कथा ओतून अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. ओवी त्याची नव्हती. ग्रंथ मात्र त्याचाच. साचा उसना घेतल्याने निर्मिती खोटी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: मेहनत मुलाची आणि मालकी कोणाची? हा प्रश्न पोकळ नाही. २००२ सालच्या 'वॉरक्राफ्ट'च्या तिसऱ्या भागावर हौशी खेळाडूंनी 'डोटा' नावाचा एक नकाशा रचला. प्रत्येक बाजूस पाच गडी व प्रत्येकाकडे एकच वीर, अशी त्याची मांडणी. आपल्याकडील सायबर कॅफेंतूनही तो खेळला गेला. तो इतका गाजला की त्याच्या नावावरून दोन मोठ्या कंपन्यांत वाद झाला व तो २०१२ साली मिटला. पुढील वर्षी त्यांपैकी एकीने 'डोटा २' हा स्वतंत्र खेळ प्रसिद्ध केला. मूळ कंपनीने २०२० साली आपला जुना खेळ नव्या रूपात काढला, तेव्हा त्यावर खेळाडूंनी रचलेले सारे कंपनीच्या मालकीचे राहील, असे कलम अटींत घातले. तेव्हा आपली कल्पना कोठे ओततो आहोत, त्या भांड्यावर कोणाचे नाव आहे, हे आधी वाचून पाहणे शहाणपणाचे.

ज्यांना ही चिंता नको त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. 'झिरो ए. डी.' नावाचा एक खेळ २००१ साली 'एज ऑफ एम्पायर्स'वरचा मॉड म्हणून योजिला गेला, पुढे स्वतंत्र झाला, आणि २००९ साली त्याची सारी घडण सर्वांसाठी खुली करण्यात आली. तो विनामूल्य मिळतो. त्यात मौर्यांचे राज्य व त्यांचे हत्तीही आहेत. त्याच्या कोणत्याही भागात बदल करण्याची कायदेशीर मुभा आहे. अट एवढीच, की बदल करून तो इतरांस दिला तर त्यांनाही तीच मुभा द्यावी. मिळून खेळताना येथेही नियम तोच: दोघांच्या यंत्रांवर तीच आवृत्ती व तेच मॉड हवे. शाळेच्या संगणककक्षात आरंभ करावयाचा झाल्यास ह्याहून सोयीचा पट मला दिसत नाही.

पालकांना व माझ्या शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एवढीच विनंती, की मूल किती वेळ खेळते हे पाहताना ते काय करते हेही पाहावे. ते केवळ दुसऱ्याने मांडलेले डाव खेळत असेल, तर त्याला एक लहानसा पट स्वतः रचावयास सांगावे. तो रचून झाला की शेजारच्या मुलाला बोलावून आणावयास सांगावे, बदललेले नियम त्याला आधी वाचून दाखवावेत, आणि पहिल्या डावात बाजू निवडण्याचा मान त्या पाहुण्याला द्यावा. इतके झाल्यावर जेवणाच्या हाका दोन अधिक माराव्या लागल्या, तरी त्या सोसाव्यात.